शेवटच्या तिखटाची बरणी

१

सोमवारी सकाळी अकरा वाजता जागेश्वर बारापात्रे यांनी सगळ्या घरासमोर आपल्या धाकट्या मुलाची गिरणी बंद करून टाकली. अकरा वाजून दहा मिनिटांनी कळलं, की हा निकाल ज्या बरणीवर लावला, तिच्यातला मालच कोणीतरी बदलला होता.

ही बातमी हर्षाबाई धकाते यांच्यापर्यंत पोचली तेव्हा त्या सीताबर्डीतल्या आपल्या माडीवरच्या खोलीत पंख्याखाली संत्रं सोलत बसल्या होत्या. सरकारी अन्न प्रयोगशाळेत भेसळ पकडण्यात त्यांची तीस वर्षं गेली. मिऱ्यांत पपईच्या बिया, हळदीत पिवळा रंग, त्यांच्या भिंगाखालून काय काय गेलं होतं. निवृत्तीनंतर माणसं घरी बसून पोथी वाचतात किंवा सुनेच्या चुका काढतात. हर्षाबाईंनी भिंग तेवढं घरी आणलं आणि खासगी कामं घ्यायला सुरुवात केली. इतकी वर्षं लबाड्या पाहूनही त्यांची नवल वाटायची सवय काही गेली नव्हती.

"बाई, मले पोलिस नाही पाह्यजे," फोनवर जागेश्वरराव म्हणाले. "घरातलंच कोणीतरी आहे. अन् उद्या बारा वाजेपर्यंतच वेळ आहे. माह्या बायकोचं शेवटचं तिखट चोरीले गेलं."

हर्षाबाईंनी संत्रं तसंच ताटलीत ठेवलं आणि स्कूटरची चावी उचलली.

२

उमरेड रोडवरच्या 'बारापात्रे तिखट'च्या फाटकाशीच त्यांना ठसका लागला. नव्या मिरचीचे दिवस होते. भिवापूरहून आलेली मिरची अंगणभर पसरली होती, आणि त्या लाल सड्याच्या कडेकडेनं बाया चालत होत्या. आयुष्यभर मिरची हाताळलेल्या हर्षाबाई दोन मिनिटं तिथंच उभ्या राहिल्या. एवढा लाल रंग एका जागी दिसला, की त्यांना अजूनही बोलायला सुचत नसे.

वर ऑफिसात जागेश्वरराव वाट पाहत होते, थोरला मुलगा दाराशी खुर्चीवर बसला होता. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात पांढरा स्वच्छ सदरा, आणि हात कंपवातानं सतत हलणारे. त्यांनी चहाचा कप उचलला तो बशीवर वाजत राहिला, म्हणून परत ठेवून दिला.

"आमचं कोष्ट्याचं घर, बाई," ते म्हणाले. "उमरेडले चार माग होते आमचे. तीस वर्षाआधी विकले. लुगडी घेणारंच कोणी राह्यलं नाही, तं करता काय? कौशल्या घरी मिरची कुटून विकत जाय. तिच्या त्या कुटण्यावर हे सगळं उभं राह्यलं."

मग त्यांनी बरणीची हकीकत सांगितली. कौशल्याबाई दर वर्षी नवा माल जुन्या मालाशी ताडून पाहत. त्यासाठी आदल्या वर्षीचं तिखट एका चिनी मातीच्या बरणीत जपून ठेवलेलं असे. भाकरीच्या तुकड्यावर तेल आणि तिखट घ्यायचं, एकदा नवं, एकदा बरणीतलं. जुळलं तर माल बाजारात, नाही तर परत. तीन वर्षांपूर्वी धाकट्या पियुषनं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासाला दुसरी गिरणी काढली. मिरचीचा पहिला कंटेनर जहाजावर चढायच्या महिनाभर आधी कौशल्याबाई वारल्या. बरणीत राहिलं ते त्यांच्या हातचं शेवटचं तिखट, आणि ते बदलायची हिंमत पुढे कोणालाच झाली नाही.

"मोंबासा वर गेलं," जागेश्वरराव म्हणाले. "तिकडच्या दुकानदाराइले माल पुरवता येत नाही, इतकी मागणी आहे. अन् इकडे काटोलपासून भिवापूरपर्यंतचे दुकानदार पाकिटं वापस करून राह्यले. म्हणते, पह्यल्यासारखं नाही लागत. बाहेर गेलो अन् घर बसलं, बाई. दोन गिरण्या सांभाळायची ताकद आता आमच्यात नाही. तिकडच्या शेडचा करार संपून राह्यला. उद्या बारा वाजता मालकाले हो का नाही ते सांगायचं आहे. म्हणून मी म्हटलं, कौशल्याची बरणीच ठरवंल. ज्याचं तिखट तिच्याशी जुळंल त्याची गिरणी राहीन. दुसरी बंद. मंग ती इकडची असो का तिकडची."

सकाळी सगळे जमले. थोरला दुर्गेश नागपूरची गिरणी पाहतो, त्यानं आपलं तिखट ठेवलं. पियुष शनिवारीच मोंबासाहून आला होता, त्यानं आपलं. जागेश्वररावांनी तिन्ही चाखली. बरणीतलं आणि दुर्गेशचं अगदी एक लागलं, पियुषचं वेगळं. निकाल झाला. पण म्हाताऱ्या जिभेचा भरवसा काय, म्हणून त्यांनी ऐन वेळी खालून सखूबाईला हाक मारली. सखूबाई पंचवीस वर्षं कौशल्याबाईंच्या शेजारी बसून मिरची खुडलेली बाई. तिचे गुडघे गेलेले, जिना चढत नाही, म्हणून बशा खाली नेल्या. तिनं बरणीतलं तिखट चाखलं आणि तुकडा थुंकून टाकला.

"म्हणे, हे कौशल्याबाईचं नाहीच. याच्यात देठ आहे," जागेश्वररावांनी सांगितलं.

हर्षाबाईंनी भिंग काढलं. पियुषचं तिखट भिंगाखाली एकसारखं लाल दिसलं. दुर्गेशच्या तिखटात मात्र गवताच्या रंगाचे बारीक कण होते, मिरचीच्या देठाखाली जी टोपी असते तिचा चुरा. असा चुरा गेला की जिभेच्या मागच्या बाजूला कडवट लागतं. मग त्यांनी बरणीतली चिमूट घेतली. तिच्यातही तेच कण होते. शिवाय तीन वर्षांचं तिखट कितीही जपलं तरी रंग उतरून विटकरी होतं, आणि हे कालच दळल्यासारखं लालभडक होतं.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "बरणीत आता जे आहे, ते या महिन्यात दळलेलं आहे. आणि ते इथलंच आहे. दुर्गेशच्या गिरणीतलं."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दाराशी बसलेला दुर्गेश उठून जिना उतरून गेला.

३

संशयाला आता दुसरीकडे जायला जागा नव्हती. आपलाच माल बरणीत भरला, की तो बरणीशी जुळणारच. दुर्गेशचं काम इतकं सोपं दिसत होतं, की हर्षाबाईंना ते आवडलं नाही. सोप्या भेसळीच्या मागे त्यांनी नेहमी दुसरी भेसळ पाहिली होती.

त्यांनी आधी उन्नतीला बोलावलं. उन्नती दुर्गेशची बायको, काटोलच्या संत्रा व्यापाऱ्याची मुलगी. बरणी ठेवलेल्या ऑफिसची किल्ली तिच्या कपाटात असे.

"किल्ली कोणीही घेऊ शकते, ताई. कपाटाले कुलूप नाही. घरातल्या सगळ्याइले माहीत आहे."

"बरणी शेवटची कधी पाहिली होतीस?"

"काल, रविवारी सकाळी. फडकं मारायले वर गेल्ती. दोरा मीच बांधते, सुरगाठ मारून. दिवाळीत बांधला तसाच होता."

"आणि तुझ्या मते हे कोणी केलं असेल?"

उन्नतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खाली बघितलं. "मले नाही माहीत," ती म्हणाली. नाही माहीत म्हणणारी माणसं इतका वेळ गप्प राहत नाहीत, हे हर्षाबाईंना अनुभवानं ठाऊक होतं.

पियुष आपल्या खोलीत बॅग भरत होता. उंच, उन्हानं रापलेला, बोलायला शांत. "बाबांचा निकाल झाला, ताई," तो म्हणाला. "मी मान्य केला. आता काहून उकरून राह्यले सगळे? झालं ते झालं."

"तुझी गिरणी बंद होतेय. तुला राग नाही आला?"

"तिकडे चाळीस बाया आहेत माह्याकडे. राग नाही, दुःख आहे." एवढं बोलून त्यानं बॅगेची चेन ओढली.

हर्षाबाई वर परत आल्या आणि बरणी जवळ घेऊन बसल्या. तोंडावर पांढरं फडकं, त्याभोवती सुती दोरा. सकाळी जागेश्वररावांनी फडकं दोऱ्यासकट अलगद वर सरकवून काढलं होतं, तो वेढा तसाच होता. उन्नतीची सुरगाठ जागेवर होती. हर्षाबाईंनी सहज दोऱ्यावरून अंगठा फिरवला. सुरगाठीच्या दुसऱ्या बाजूला अंगठा किंचित अडखळला, डाळीच्या कणाएवढासुद्धा नाही.

त्यांनी भिंग धरलं आणि मग त्या तशाच बसून राहिल्या.

तिथं दोरा तुटला होता आणि कोणीतरी तो जोडला होता. जोडाची गाठ चपटी, घट्ट, दोन्ही टोकं मुळाशी कापलेली. चाळीस वर्षांत हर्षाबाईंनी ही गाठ पाहिली नव्हती. धकात्यांच्या घरीही माग होता. ताण्यातला एखादा धागा तुटला, की वडील माग थांबवून दोन बोटांनी तो जोडत आणि पुढे विणत. गाठ इतकी लहान असावी लागे, की फणीतून धागा न अडकता जावा. लहानपणी त्या डोळे फाडून बघत बसत आणि तरी बोटं कशी फिरली ते त्यांना कधी कळलं नाही. आज तीच गाठ एका तिखटाच्या बरणीवर होती. 

गाठ भेटल्याचा आनंद ओसरल्यावर डोकं चालायला लागलं. रविवारी सकाळी दोरा धड होता. म्हणजे ज्यानं तो तोडला आणि जोडला, त्यानंच तिखट बदललं. जागेश्वररावांना ही गाठ येत होती, पण ते हात आता सदऱ्याची बटणंही लावू शकत नव्हते. माग विकले तेव्हा दुर्गेश आठ वर्षांचा आणि पियुष तीन वर्षांचा होता. उन्नती संत्र्यांच्या घरातली. सखूबाई विणकराची लेक, तिला येत असणार, पण ती जिना चढू शकत नाही, रविवारी ती इकडे फिरकलीही नव्हती, आणि बदल तर तिनंच उघडकीला आणला.

म्हणजे या घरात हे काम कोणालाच करता येण्यासारखं नव्हतं. हर्षाबाई या विचारापाशी पोचतात न पोचतात तोच दार उघडलं आणि दुर्गेश आत आला. त्याचे डोळे लाल होते.

"कोणाले विचारू नका आता," तो म्हणाला. "मीच बदललं तिखट."

४

हर्षाबाईंनी त्याला बसायला सांगितलं. टेबलाच्या खणातून सुती दोरा काढला, मधोमध तोडला आणि दोन्ही टोकं त्याच्यासमोर ठेवली.

"जोडून दे."

"काहून?"

"तू बरणी उघडलीस ना? काल जोडलास तसा जोड."

दुर्गेशनं दोरा हातात घेतला, उलटसुलट केला आणि पोत्याचं तोंड बांधतात तशी एक जाडजूड गाठ मारली. ती चण्याएवढी झाली. हर्षाबाईंनी ती त्याच्यासमोरच धरली.

"ही गाठ बरणीवर नाही. तू बरणीला हात लावला नाहीस. मग कोणासाठी खोटं बोलतोयस?"

दाराबाहेर उभी असलेली उन्नती आत आली. "माह्यासाठी," ती म्हणाली. "त्याइले वाटून राह्यलं मी केलं. रविवारी मी वर गेल्ती ते पाह्यलं होतं त्याइनं." मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "अन् मले वाटलं तुम्ही केलं. मी सकाळपासून देवाले हात जोडून राह्यली."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दुर्गेशला हसू आलं, आणि ते पुरतं येण्याआधीच त्याचा चेहरा पडला.

"पण माल तं खराबच आहे माहा," तो म्हणाला. "खोटं काय बोलू. पियुष गेला तेव्हा आपल्या सातऱ्यावरच्या सहा बाया शिकवायले म्हणून घेऊन गेला, सखूमावशीसकट." सातरा म्हणजे बाया ओळीनं बसून मिरचीचे देठ खुडतात ती जागा. "सगळ्यात चांगले हात गेले. पह्यल्या तोड्याची, सगळ्यात चांगली मिरचीही तिकडेच जाते, तिकडचे नियम कडक म्हणून. इकडे ऑर्डरी तं थांबत नाही. मंग मी देठ काढायची मशीन घेतली. मशीन देठ तोडते, टोपी राहू देते. वर्षानं बाया वापस आल्या, तवरिक सातराच बंद झाला होता. सखूमावशीले पाकिटावर लेबलं लावायले बसवलं मी."

"तिनं काही सांगितलं नाही?"

"दहा वेळा सांगतलं. मी म्हटलं, मावशी, जमाना बदलला."

हर्षाबाईंना त्याची दया आली. चूक कळलेला माणूस समोर बसला की त्यांना कधीच विजय वाटत नसे. शिवाय प्रश्न तिथंच होता: गाठ कोणी मारली? त्या उठल्या आणि जिना उतरून सखूबाईकडे गेल्या.

५

दुपारचे अडीच वाजले होते. सखूबाई लेबलांच्या टेबलाशी, पाय लांब करून, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बसली होती. फोनच्या पडद्यावर पाच-सहा काळ्यासावळ्या बाया एका लांब बाकाशी बसलेल्या दिसत होत्या. सगळ्यांच्या डोक्याला रंगीत फडकी, समोर मिरचीचे ढीग.

"ये वं बाई, बस," सखूबाई म्हणाली. "तिकडे आता बारा वाजून राह्यले. त्याइची चहाची सुट्टी, तरी हात काही थांबत नाही. रोज करतो आम्ही फोन."

"सखूमामा!" पडद्यावरची एक जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई ओरडली. "आज काहून उशीर?"

हर्षाबाईंचा हात छातीवर गेला. समुद्रापलीकडून, आफ्रिकेतल्या एका बाईच्या तोंडून, अस्सल नागपुरी 'काहून' आला होता.

"ही झुहुरा," सखूबाई म्हणाली. "तिकडे बाईमाणसाले मामा म्हणते. पह्यल्या दिवशी मले मामा म्हटलं तं मी भांडलीच. म्हटलं, मिश्या दिसून राह्यल्या का तुले माह्या? मंग समजलं, मान देऊन राह्यल्या. अर्धं त्याइचं बोलणं मले येते, अर्धं माहं त्याइले. बाकीचं हातानं चालते."

हर्षाबाई बघत राहिल्या. बोलता बोलता बाकावरच्या बाया मिरच्या उचलत होत्या आणि अंगठ्याच्या एका हिसक्यात देठ टोपीसकट निघत होता. झुहुरा शेवटी बसून भरलेल्या थैलीचं तोंड शिवण्याच्या छोट्या मशीननं शिवत होती. मशीन खटखटलं, दोरा तुटला. झुहुरानं मान वर न करता, बोलणं न थांबवता, दोन बोटांत दोन टोकं धरली. बोटं एकदा फिरली, दातांनी टोकं कापली गेली, मशीन पुन्हा चालू झालं.

"थांब," हर्षाबाई म्हणाल्या.  "तिला म्हणावं, पुन्हा कर. सावकाश."

झुहुरानं हसत दोरा मुद्दाम तोडला आणि फोनजवळ आणून पुन्हा जोडला. चपटी, घट्ट, फणीतून जाईल अशी गाठ होती ती. हर्षाबाईंच्या वडिलांची, उमरेडच्या मागांवरची. जी गाठ नागपूरच्या कोष्टीपुऱ्यातसुद्धा आता शोधून सापडत नाही, ती मोंबासाच्या एका शेडमध्ये दिवसातून वीस वेळा पडत होती. हर्षाबाईंनी आयुष्यात पुष्कळ चोऱ्या पकडल्या, पण एखादी गोष्ट इतक्या लांब जाऊन जिवंत राहिलेली त्यांनी प्रथमच पाहिली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ही तू शिकवलीस?" त्यांनी सखूबाईला विचारलं.

"मंग? दोरा तुटला की ह्या बाया मशीनवरचा सगळा दोरा काढून फेकत जाय. मले पाहावलं नाही."

"सगळ्यांना येते?"

सखूबाईनं तो प्रश्न हातवाऱ्यांनी तिकडे पोचवला. बाकावर हशा पिकला. झुहुरानं काहीतरी लांबलचक सांगितलं, त्यात एक नाव दोनदा आलं.

"म्हणते, सगळ्याइले आली," सखूबाई म्हणाली. "फक्त मालकाले शिकायले तीन महिने लागले. रोज जेवणाच्या सुट्टीत दोरा घेऊन बसत जाय. म्हणे, माह्या आजोबाची गाठ आहे, मले आलीच पाह्यजे."

६

पाच वाजता हर्षाबाईंनी सगळ्यांना खाली, सखूबाईच्या टेबलाशी जमवलं. बरणी मध्ये ठेवली.

"मला आधी वाटलं, ज्याचा फायदा झाला त्यानं केलं," त्या म्हणाल्या. "बरणीत दुर्गेशचं तिखट भरलं, दुर्गेश जिंकला. पण दुर्गेशला ती गाठ येत नाही. गाठ काकांना येते, सखूबाईला येते, आणि मोंबासाच्या बायांना येते. ती काल इथं पडली. मोंबासाहून शनिवारी इथं एकच माणूस आलं."

जागेश्वररावांची मान वळली. पियुष भिंतीला टेकून उभा होता.

"उन्नतीनं फडकं मारल्यावर, काल दुपारी, तू वर गेलास," हर्षाबाई त्याला म्हणाल्या. "फडकं ओढताना दोरा तुटला. तो बोटांनीच जोडला, तुझ्याही नकळत, कारण तुझ्या शेडमध्ये तुटलेला दोरा तसाच जोडतात. दुसऱ्या कोणी नवा दोरा घेतला असता. तू स्वतःविरुद्धच बरणी बदललीस. गिरणी तुझी गेली, तरी हे उकरू नये असं तुलाच वाटत होतं. तूच मला म्हणालास, काहून उकरून राह्यले."

"पियुष," जागेश्वरराव म्हणाले, "खरं आहे?"

"हो, बाबा."

"काहून गा?" हा प्रश्न दुर्गेशचा होता, आणि तो फार हळू आला.

पियुषनं भावाकडे बघितलं नाही. "शनिवारी मी तुह्या गिरणीत फिरलो, दादा. तिखट चाखलं. समजलं मले, बरणीशी तुहं जुळणार नाही, माहं जुळंल. अन् बाबा इकडची गिरणी बंद करतीन. पण ते तिखट खराब कोणामुळे झालं? चांगले हात मी नेले. पह्यल्या तोड्याची मिरची मी नेली. तुह्याकडे ठेवलं काय? माही गिरणी तुह्या गिरणीतून निघाली. अन् इथं दोनशे बाया आहेत, तिकडे चाळीस. मी हिशेब केला."  "मावशीले बोलावतीन असं नव्हतं वाटलं मले. फक्त बाबा चाखतीन असं वाटलं."

"अन् कौशल्याचं तिखट?" जागेश्वरराव म्हणाले. "ते फेकलं?"

पियुषनं खिशातून एक लहान कापडी थैली काढली. तोंड दोऱ्यानं बांधलेलं होतं. "आईचं कसं फेकन, बाबा? कालपासून खिशातच आहे."

 अंगणात बाया मिरची सारत होत्या, त्याचा सळसळाट आत येत होता.

"काका, तुम्ही म्हणालात, बाहेर गेलो आणि घर बसलं," शेवटी हर्षाबाई म्हणाल्या. "भेसळीच्या शोधात मी अशी पुष्कळ घरं पाहिली, बाहेर जाऊन बुडालेली आणि बाहेर जाऊन उभी राहिलेलीही. घर जाण्यामुळे नाही बसलं. तुम्ही जाताना इथलं सगळ्यात चांगलं उचलून नेलं आणि येताना काहीच आणलं नाही. तिकडच्या कडक नियमांनी, तिकडच्या गिऱ्हाइकांनी त्या बायांना अजून तयार केलं. कौशल्याबाईंचा हात आज मोंबासाला आहे. तो बंद केलात, तर इथं परत आणायलाही कोणी उरणार नाही."

जागेश्वररावांनी थैली सोडवायला हात पुढे केला, पण बोटं थरथरली. उन्नतीनं ती सोडली. रंग उतरलेलं, विटकरी तिखट. सखूबाईनं डब्यातली भाकरी काढली, तेल घातलं, आणि प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. आधी सखूबाईनं चाखलं आणि डोळे मिटून मान हलवली. मग दुर्गेशनं. आईच्या हातचं तीन वर्षांनी तोंडात पडल्यावर त्यानं तोंड फिरवलं आणि ठसका लागला म्हणाला. कोणी त्याला पाणी आणून दिलं नाही, कारण ठसका नव्हता हे सगळ्यांना कळत होतं.

"उद्या बारा वाजता फोन मी करतो," जागेश्वरराव म्हणाले. "शेड ठेवायचं. दुर्गेश, तुही मशीन एका बाजूले सार अन् सातरा मांड. मिरची दोघं अर्धी अर्धी घ्या. अन् सखू, त्या झुहुराले विचार, सहा महिने नागपूरले येशीन का म्हणा, आमच्या पोरीइले शिकवायले. विमानाचं भाडं आमच्याकडून."

"येईन नं," सखूबाई म्हणाली. "ते तं दोन वर्षांपासून विचारून राह्यली, काहून नाही बोलावत म्हणून."

उरलेलं तिखट बरणीत परत गेलं. फडकं बसवताना जुना दोरा पुन्हा तुटला, या वेळी दुसऱ्या जागी. उन्नती नवा आणायला निघाली तर जागेश्वररावांनी तिला थांबवलं आणि दोन्ही टोकं पियुषसमोर धरली. ती त्यांच्या हातात हलत होती.

"जोड," ते म्हणाले. "माह्यासमोर जोड."

पियुषनं टोकं घेतली. माग विकले त्या दिवशी चारही मागांवरचे अर्धवट ताणे कापून टाकताना जागेश्वररावांनी मनाशी ठरवलं होतं, की आता ही बोटं आपल्या घरात कोणाची फिरणार नाहीत. ती फिरली. पियुषनं टोकं दातांनी कापली, झुहुरा कापते तशी, आणि दोरा पुढे केला. म्हाताऱ्यानं त्यावरून थरथरता अंगठा नेला, परत आणला, पुन्हा नेला.

"कुठं आहे गा?" ते म्हणाले. "मले तं लागून नाही राह्यली."

"तिथंच आहे, बाबा," पियुष म्हणाला.